बक्षिसी नेमकी कोणाच्या खिशात जाते?

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर दोन तास खडाजंगी झाली. निमित्त माझेच होते. मुलीकडे अमेरिकेत चार महिने राहून परतल्यावर तेथील अनुभव सांगावेत, असा मित्रांचा आग्रह होता. मी तेथील निवडणुकांबद्दल किंवा महागाईबद्दल बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी बोललो ते हॉटेलातून जेवणाचे पार्सल घरी नेताना काउंटरवर टीप द्यावी की देऊ नये, याबद्दल. माझे बोलणे संपण्यापूर्वीच वर्गात दोन तट पडले. चळवळीत हयात घालवलेले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बक्षिसी ही सरंजामी प्रथा आहे. समाजवाद्याने ती देऊ नये, घेऊ नये. यात चर्चा ती कसली?" त्यावर एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, "ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने कामगाराला चार पैसे जास्त द्यावेत. तत्त्वज्ञान नंतर सांगावे."

दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. दोघेही देणाऱ्याच्या मनाची चिकित्सा करतात. मालकाच्या वहीत काय लिहिले जाते, हे दोघेही पाहत नाहीत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी ती वही उघडली पाहिजे. मी स्वतः ती न उघडता एकदा निर्णय घेतला, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी तरी मोजली.

घडले ते असे. टेक्सास राज्यात डॅलस शहराच्या एका उपनगरात मुलीचे घर आहे. एका संध्याकाळी जावयांबरोबर जवळच्या हॉटेलातून जेवणाचे पार्सल आणायला गेलो. पैसे चाळीस डॉलर झाले होते. काउंटरवरच्या तरुण मुलीने दोन कागदी पिशव्या पुढे ठेवल्या आणि पैसे भरण्याच्या यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर तीन ठळक चौकटी होत्या : १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के. खाली बारीक अक्षरांत चौथा पर्याय होता, टीप द्यायची नाही. जावई मधल्या चौकटीवर बोट ठेवणार, म्हणजे आठ डॉलर देणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवले. "अहो, आपण टेबलावर बसलो नाही, कोणी पाणी आणून दिले नाही, कोणी ताटे उचलली नाहीत. मग ही बक्षिसी कसली?" ते हळू आवाजात म्हणाले, "बाबा, मागे रांग आहे. इथे द्यायची असते." 'द्यायची असते' हे शब्द कानी पडले की माझ्यातला जुना मास्तर जागा होतो. रूढीचे असे समर्थन मी वर्गात कधी चालू दिले नव्हते. मी हात पुढे केला आणि चौथा पर्याय दाबला. मुलीने आमच्याकडे पाहून पूर्वीसारखेच स्मित केले. मी मोठ्या समाधानाने पिशव्या उचलल्या.

पुढच्या आठवड्यात मुलीबरोबर त्याच ठिकाणी जाण्याचा योग आला. गर्दी नव्हती, काउंटरवर तीच मुलगी होती. आगाऊपणाबद्दल क्षमा मागून मी तिला विचारले, तुमचा पगार कसा ठरतो? तिने सरळ सांगितले. ती त्या हॉटेलात टेबलांवर वाढण्याचे काम करते. आठवड्यातले दोन दिवस तिला पार्सलच्या काउंटरवर उभे करतात. पगाराचा दर तोच, तासाला दोन डॉलर तेरा सेंट. टेबलांवर असली की टिपा मिळतात. इथे लोक बहुधा काही देत नाहीत. पदार्थ मोजून घ्यायचे, गरम आणि गार वेगळे बांधायचे, चटण्यांच्या डब्या घट्ट बसल्या आहेत की नाही ते पाहायचे, चुकले तर गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकायचे, हे सर्व त्याच दोन डॉलर तेरा सेंटांत येते. आठवड्यापूर्वी मी रूढीला नकार दिला असे समजत होतो. नकार मिळाला होता तो या मुलीला.

दोन डॉलर तेरा सेंटांचे गणित

अमेरिकेत केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून त्यात एका सेंटाचीही वाढ झालेली नाही. पण ज्या कामगाराला महिन्याला ३० डॉलरहून अधिक टिपा नेहमी मिळतात, त्याच्या बाबतीत मालकाला एक सवलत आहे. मालकाने रोख २.१३ डॉलर द्यावेत, उरलेले ५.१२ डॉलर टिपांतून मिळाले असे धरावे. हीच टिपेची वजावट. टिपा कमी पडल्या तर फरक मालकाने भरून द्यावा, असे कायदा सांगतो. अनेक राज्यांनी याहून वरचे दर ठरवले आहेत. टेक्सासने ठरवलेले नाहीत. तेथे हाच दर चालतो.

आता या आकड्यांचा अर्थ पाहू. ग्राहकांनी दर तासाला दिलेल्या टिपांपैकी पहिले ५.१२ डॉलर कामगाराच्या उत्पन्नात खरोखर भर घालतात का? घालत नाहीत. ते मिळाले नसते, तर तेवढीच रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागली असती. म्हणजे पैसे कामगाराच्या हातात पडतात आणि बचत मालकाच्या खात्यात होते. त्या मर्यादेपलीकडे जे मिळेल तेवढेच तिचे. देणाऱ्याला वाटते आपण उदार झालो, घेणारीला वाटते आपल्याला मिळाले, आणि दोघांच्या नकळत तिसऱ्याचे वेतनबिल कमी झालेले असते.

पार्सलच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. टिपा पुरेशा पडल्या की नाही, याचा हिशेब आठवड्याच्या एकूण तासांवर होतो. शनिवारी रात्री टेबलांवर चांगल्या टिपा मिळाल्या, की मंगळवारी पार्सलच्या काउंटरवर काढलेले कोरडे तास त्या रकमेत बुजवले जातात. सरासरी ७.२५ च्या वर गेली म्हणजे मालक मोकळा. शनिवारच्या ग्राहकाने तिच्यासाठी म्हणून ठेवलेले पैसे मंगळवारी माझे पार्सल बांधण्याची मजुरी म्हणून वापरले जातात. मी टीप न देता बाहेर पडलो तेव्हा माझ्या वाट्याची मजुरी असा कोणी दुसराच ग्राहक भरत होता, आणि ती शेवटी तिच्याच कमाईतून जात होती.

अर्थात पार्सल देणारे प्रत्येक दुकान असे नसते. जेथे टेबलेच नाहीत, वाढपी नाहीत, नुसता काउंटर आहे, तेथील कामगाराला बहुधा पूर्ण किमान वेतन मिळते. शिवाय कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांनी टिपेची वजावटच नाकारली आहे. तेथे टीप मिळो न मिळो, मालकाला राज्याचे किमान वेतन पूर्ण द्यावे लागते. म्हणून 'पार्सलवर टीप द्यावी का' या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. आधी विचारायचे ते हे की, या माणसाची मजुरी कोण देतो?

ही प्रथा आभाळातून पडली नाही

टिपेची चाल अमेरिकेत युरोपातील उमरावी रीत म्हणून आली. यादवी युद्धानंतर ती वेतनपद्धती कशी बनली, हे समजण्यासाठी पुलमन कंपनीचा इतिहास पाहावा. रेल्वेच्या शयनयानांत प्रवाशांची बिछान्यापासून बुटांपर्यंत सर्व कामे करण्यासाठी या कंपनीने गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नेमले. पगार जाणूनबुजून तुटपुंजा ठेवला आणि उरलेले प्रवाशांच्या मर्जीवर सोडले. प्रवासी या नोकरांना त्यांच्या नावाने हाकही मारत नसत. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचे हे सगळे नोकरही 'जॉर्ज'. १८९७ मध्ये पुलमन वारल्यावर कंपनीच्या अध्यक्षपदी आले ते गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे पुत्र रॉबर्ट लिंकन. पित्याने ज्यांना मालकीतून सोडवले, त्यांचा पगार पुत्राच्या कंपनीत प्रवाशांच्या खिशावर टांगलेला राहिला. व्यक्तीच्या चांगुलपणाने व्यवस्था बदलत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

ती बदलली संघटनेने. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या नोकरांची संघटना उभी राहिली. रँडॉल्फ समाजवादी होते, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. टिपांवरचे जगणे नको, जगता येईल असे वेतन हवे, ही त्यांची भूमिका होती. टिपेची पद्धत बंद करावी म्हणून ही संघटना आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडेही गेली. १९२८ मध्ये आयोगाने हा विषय आपल्या कक्षेत येत नाही असे सांगून हात झटकले. लढा थांबला नाही. १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला. महिन्याला ४०० तासांपर्यंत जाणारे काम २४० तासांवर आले आणि पगार वाढला. रँडॉल्फ यांनी प्रवाशांना 'टीप देऊ नका' असे सांगत बसण्यात आयुष्य घालवले नाही. त्यांनी कंपनीला वेतन द्यायला लावले. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे. रूझवेल्ट यांच्या काळात १९३८ साली तासाला २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला, पण हॉटेल कामगार त्यातून वगळले गेले. १९६६ मध्ये त्यांचा समावेश झाला; मात्र त्याच दुरुस्तीने टिपेच्या वजावटीला कायद्यात जागा दिली. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने अर्धा काढून घेतला. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलर होते आणि रोख द्यायची रक्कम त्याच्या निम्मी, म्हणजे २.१३. १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना हॉटेलमालकांच्या दबावापुढे नमून ही निम्म्याची साखळी तोडण्यात आली. किमान वेतन त्यानंतर ७.२५ पर्यंत गेले, २.१३ तेथेच राहिले. ते निम्मे राहिले असते तरी आज ३.६२ च्या पुढे असते. या तीन दशकांत जेवणाचे दर किती वेळा वाढले, हे कोणीही अमेरिकेतील आप्ताला विचारावे.

दोन सोप्या उत्तरांचा समाचार

आता सहकाऱ्यांच्या युक्तिवादाकडे वळू. बक्षिसी ही मिंधेपणाची प्रथा आहे, हे त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. कामगाराने हसावे, वाकावे, बोचरे बोलणे गिळावे आणि ग्राहकाच्या मर्जीकडे डोळे लावून बसावे, ही माणसाला शोभणारी रचना नव्हे. बलुत्याची आठवण ज्या महाराष्ट्राला आहे, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सुगीला खळ्यावर उभे राहून आपलेच श्रमाचे धान्य पदर पसरून मागण्यात काय अपमान असतो, ते या भूमीने पाहिले आहे. पण म्हणून खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हाती परत पाठवणे ही बलुतेदारीविरुद्धची लढाई झाली असती काय?

टीप न देणे हा बहिष्कार आहे असे म्हणावे, तर बहिष्कार कोणावर? मालकाला जेवणाचे चाळीस डॉलर पूर्ण मिळाले. त्याच्या धंद्याला खरचटलेही नाही. झळ बसली ती तासाला २.१३ डॉलरवर उभ्या असलेल्या मुलीला. संपाचा निर्णय कामगार घेतात, त्याची किंमत आपण मोजायची हे त्यांना ठाऊक असते आणि तिच्या बदल्यात ते काही मिळवू पाहतात. येथे निर्णय माझा, किंमत तिची, आणि मिळकत कोणाचीच नाही. खरोखर बहिष्कारच घालायचा असेल, तर त्या हॉटेलातून जेवण आणू नये आणि का आणत नाही ते मालकाला तोंडावर सांगावे. जेवण आणायचे, मालकाचे पैसे चुकते करायचे आणि कामगाराच्या वाट्याला आल्यावर मात्र तत्त्व आठवायचे, याला समाजवाद म्हणत नाहीत. माझ्या हातून नेमके हेच घडले, म्हणून हे शब्द मी प्रथम स्वतःला उद्देशून लिहितो.

तरुण मित्राचे उत्तर मनाला अधिक भावते, परंतु तेही पुरत नाही. उदारपणा ही वेतनपद्धती होऊ शकत नाही. टीप श्रमावर ठरत नाही, पदार्थाच्या किमतीवर ठरते. वीस डॉलरचे पार्सल आणि ऐंशी डॉलरचे पार्सल बांधायला कष्ट जवळपास सारखेच. टीप मात्र चौपट. ती घेणाऱ्याच्या रंगावर, वयावर, दिसण्यावर अवलंबून राहते. आणि आता तर ती यंत्राच्या रचनेवर अवलंबून राहू लागली आहे. पडदा ग्राहकाकडे वळवायचा, मोठे आकडे ठळक करायचे, नकार बारीक अक्षरांत टाकायचा आणि मागच्या रांगेची लाज कामाला लावायची, हे तंत्र कामगाराने शोधलेले नाही. २०२३ मध्ये प्यू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकनांनी सांगितले की, पाच वर्षांपूर्वीपेक्षा अधिक ठिकाणी आता टिपेची अपेक्षा केली जाते. २०२० च्या महासाथीत जिवावर उदार होऊन जेवण बांधून देणाऱ्यांना लोकांनी कृतज्ञतेने जे दिले, त्याचीच पुढे सवय झाली, आणि मग त्या सवयीचा धंद्याने फायदा उठवला. जितकी ठिकाणे टिपेखाली येतील, तितक्या ठिकाणी पगारवाढ टाळायला मालकाला निमित्त मिळेल. आपली करुणा अशा रीतीने दुसऱ्याच्या नफ्याचे साधन होते.

कामगारच टीप मागतात, त्याचे काय?

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टिपेची वजावट रद्द करण्याचा प्रश्न जेथे मतदानाला आला, तेथे अनेक वाढप्यांनीच विरोध केला. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी असा प्रस्ताव फेटाळला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मतदारांनी तो २०१८ मध्ये मंजूर केला, तर नगर परिषदेने त्याच वर्षी तो रद्द केला. २०२२ मध्ये मतदारांनी पुन्हा मंजूर केला, तर २०२५ मध्ये परिषदेने त्याला पुन्हा कात्री लावली. मालक म्हणतात, पाहा, कामगारांनाच बदल नको आहे.

काही कामगारांना तो नको आहे, हे खरे. महागड्या हॉटेलात शनिवारी रात्री मद्य वाढणाऱ्याला टिपांतून चांगली कमाई होते आणि ती बुडेल अशी त्याला भीती वाटते. त्या भीतीची टवाळी करू नये. पण त्या कमाईच्या आधारावर जी पद्धत टिकते, तिचा भार पार्सलच्या काउंटरवर मंगळवारी दुपारी उभ्या असलेल्या मुलीवर पडतो. मालकाच्या मर्जीतल्या माणसाला चांगल्या पाळ्या, इतरांना कोरड्या, अशी एकाच छताखालच्या कामगारांत फूट पडते. शिवाय वेतन पूर्ण दिले म्हणून ग्राहकाला टीप देण्यास कोणी मनाई करत नाही. वजावट नाकारणाऱ्या सात राज्यांत हॉटेले बंद पडली नाहीत आणि टिपाही थांबल्या नाहीत. थांबली ती मालकाची सवलत.

२०२५ च्या जुलैत अमेरिकेत आणखी एक कायदा झाला. टिपांतून मिळणाऱ्या वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी आयकरातून सूट मिळाली. कामगारहिताचा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण जिचे उत्पन्न आयकराच्या मर्यादेपर्यंतच पोहोचत नाही, तिला या सुटीचा लाभ काय? २.१३ हा आकडा या कायद्याने हलवला नाही. वेतनावर कर आणि टिपेवर सूट, अशी रचना केली म्हणजे मोबदला वेतनातून काढून टिपेत ढकलण्याची प्रेरणा मात्र वाढते. मालकाला एक पैसा खर्च न करता कामगाराचा कैवारी होता आले.

आपल्या दाराशी आलेली गोष्ट

वाचक म्हणतील, अमेरिकेचे हे रामायण आम्हाला कशाला? आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवले की विषय संपतो, आणि पार्सल नेताना तर ती बशीही समोर येत नाही. हे खरे आहे, आणि त्यामागे एक चांगली गोष्टही आहे. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याने टिपेची वजावट मालकाला कधी दिली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती नाही. त्यामुळे आपल्याकडे हॉटेलात पार्सल बांधणाऱ्याची मजुरी कायद्याने पूर्णपणे मालकावर आहे. ती प्रत्यक्षात मिळते की नाही, हा प्रश्न निराळा, आणि तो कार्यकर्त्यांनी काउंटरच्या आत शिरून विचारण्याचा आहे. चार नाणी देऊन तो सुटणार नाही.

परंतु तीच पद्धत दुसऱ्या वाटेने येथे शिरू पाहत आहे. हॉटेलांनी बिलात 'सेवा शुल्क' परस्पर जोडणे सुरू केले. ग्राहकाला वाटते ते वाढप्याला जाते. जमा होते ते मालकाच्या गल्ल्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याच्या सक्तीला मनाई केली, तेव्हा हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या.

आणि आपण स्वतः पार्सल आणायला न जाता फोनवरून मागवतो, तेव्हा तर प्रश्न थेट अंगावर येतो. घरपोच जेवण आणणाऱ्या तरुणाला कंपनी कामगार म्हणतच नाही, 'भागीदार' म्हणते. भागीदाराला नफ्यात वाटा नाही आणि कामगाराचे किमान वेतनही नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीचे बंधन घातले. पण ती वर्गणी कल्याणनिधीसाठी आहे. दर फेरीला किती मोबदला, याची हमी त्यात नाही. ती पोकळी भरायला फोनच्या पडद्यावर टिपेची चौकट आलेली आहेच. प्रवासी वाहनांच्या क्षेत्रात तर मजल पुढे गेली. गाडी लवकर हवी असेल तर टीप आधीच कबूल करा, अशी सोय उबरने केली, आणि मे २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणाला त्यावर नोटीस काढावी लागली. काम होण्यापूर्वीच मागितलेली बक्षिसी म्हणजे भाड्याचा लिलाव.

बोनसचा धडा

ही वाट उलट्या दिशेनेही चालता येते, हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी दाखवून दिले आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला आणि मालकांनी खुशीने म्हणून बोनस वाटला. पुढे १९२३ चा बोनस नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या आरंभी दीड लाखांवर कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा निष्कर्ष असा, की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोहोचत नाही. मालकाने दिली तर बक्षिसी, न दिली तर तक्रार नाही. संप फसला. पण ती बक्षिसी आहे हे मान्य करून कामगार गप्प बसले नाहीत. बोनस हे राहून गेलेले वेतन आहे, हा विचार चार दशके लढवला गेला आणि १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क झाला. आज तो किमान ८.३३ टक्के देणे मालकावर बंधनकारक आहे. मेहेरबानी म्हणून जे हातावर ठेवले जात होते, ते आता हिशेबाच्या वहीत देणे म्हणून लिहिले जाते.

यातून कार्यकर्त्याच्या वर्तनासाठी जे निघते ते थोडक्यात सांगतो. जेथे कामगाराची मजुरी ग्राहकाच्या टिपेवर ढकललेली आहे, तेथे पार्सल नेतानाही टीप द्यावी. तेथे ती दान नसून आपल्या अंगावरचे देणे आहे. शक्य तर रोख आणि त्याच्याच हातात द्यावी. जेथे पूर्ण वेतन मिळते, तेथे यंत्राच्या पडद्याला भिऊन देऊ नये, आणि न दिल्याबद्दल खंत करू नये. मात्र दोन्ही ठिकाणी तेवढ्यावर न थांबता वेतन कोण देतो आणि किती देतो, हे विचारावे. आपल्या शहरात हॉटेल कामगारांची संघटना असेल तर तिच्या सभेला जावे. नसेल तर ती उभी करण्याच्या कामाला लागावे. घरपोच जेवण आणणाऱ्यांसाठी दर फेरीच्या किमान मोबदल्याची मागणी आपल्या कार्यक्रमात यायला हवी, आणि टिपेचा एक पैसाही त्या मोबदल्यात मोजला जाऊ नये, हे त्या मागणीतच लिहिलेले असावे. वजावटीचे दार एकदा उघडले की ते बंद करायला किती पिढ्या जातात, हे अमेरिकेकडे पाहून कळते.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच चालत त्या हॉटेलात गेलो. स्वतःसाठी एक सूप बांधून घेतले आणि त्या मुलीच्या हातात वीस डॉलर ठेवले. त्यातले आठ मागचे राहिले होते, असे सांगितले. ती गोंधळली, मग हसली. मला मात्र हसू आले नाही. माझे आठ डॉलर फिटले असतील. तिचे तासाला पाच डॉलर बारा सेंट ज्याच्याकडे बाकी आहेत, तो आत गल्ल्यावर बसला होता आणि त्याने मान वर करूनही पाहिले नाही.